शहराचे स्थानिक नियम: रहिवाशांना फायदा जास्त की डोकेदुखी?

अबोली:

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, वेळ काढून वाचा प्लीज. आमच्या पालिकेने नवीन स्थानिक नियमांचा ड्राफ्ट काढलाय, हरकती-सूचना मागवल्यात आणि मुदत महिनाअखेरपर्यंतच आहे. त्यात आवाजाची मर्यादा आहे, बांधकाम किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चालवायचं ते आहे, घरातली खोली थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायची तर नोंदणी, आपल्याच आवारातलं झाड तोडायला परवानगी, रस्त्यावर गाडी लावायला परमिट, कचरा वेगळा केला नाही तर दंड, असं बरंच काही. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतात शिस्त येईल, दुसरे म्हणतात पैसे उकळायला अजून एक निमित्त.

माझी अडचण ही की मला दोन्ही पटतं. मागच्या प्लॉटवर बांधकाम चालूय, पूर्ण उजाडायच्या आत ड्रिल सुरू होतं, भिंतीवरची फ्रेम थरथरते आणि सासरे (हार्ट पेशंट आहेत) उशी कानावर दाबून पडलेले असतात ते बघवत नाही, आणि नियमच नाही म्हटल्यावर कोणाला काही सांगायची सोय नाही. पण त्याच ड्राफ्टमधल्या खोलीच्या नोंदणीमुळे शेजारच्या आजी अडचणीत येणार, त्या एकट्या राहतात, एक खोली भाड्याने देतात आणि त्यावर त्यांचं औषधपाणी चालतं, त्यांना फॉर्म, फी, तपासणी हे सगळं झेपायचं नाही.

शिवाय ड्राफ्टमध्ये बऱ्याच ठिकाणी "अधिकाऱ्यास योग्य वाटल्यास परवानगी देता येईल" असं लिहिलंय. ते मला खटकतंय पण नेमकं का ते मांडता येत नाही. तर असे नियम आल्यावर सामान्य रहिवाशाला खरा फायदा कुठे होतो आणि नुकसान कुठे, हे अनुभवावरून किंवा वाचनातून सांगाल का? हरकत लिहायची आहे पण उगाच विरोधाला विरोध नको.

निशाचर:

ताई बाकी कशालाही विरोध करा पण आवाजाच्या नियमाला करू नका, कळकळीने सांगतो. मी बरीच वर्षं नाइट ड्युटी केली, दिवसा झोपायचो, आणि खिडकीखाली एका दुकानाच्या कोल्ड रूमचा कंप्रेसर होता. दुकानदाराला जाऊन सांगितलं की तो म्हणायचा तुम्हालाच त्रास होतो, बाकी कोणी बोलत नाही, पोलिसांकडे गेलं की ते म्हणायचे आपसात मिटवा. मग शहराने आवाजाचे नियम नव्याने केले, त्यात आकडा होता आणि मोजायचं कुठे तेही होतं, तक्रारदाराच्या खिडकीत. इन्स्पेक्टर आला, खिडकी अर्धी उघडी ठेवली, मीटर धरलं, कंप्रेसर चालू असताना एक रीडिंग, मग बंद करायला लावून दुसरं रीडिंग, दोन्ही कागदावर, खाली माझी सही आणि दुकानदाराची सही. वाद घालायला जागाच उरली नाही. त्याने खाली रबरी पॅड बसवले, भोवती पेटी केली आणि विषय संपला, दंडसुद्धा झाला नाही. आजही आम्ही एकमेकांशी नीट बोलतो.

नियम नसतो तेव्हा भांडण माणसामाणसात लागतं आणि ज्याची ओळख वरपर्यंत तो जिंकतो. नियम असला, त्यात मोजमाप असलं, की साध्या माणसालाही उभं राहायला जागा मिळते. मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

न्यूयॉर्कचा आवाजाचा कोड (म्हणजे नियमांचा संच) वाचण्यासारखा आहे. कुत्रं भुंकण्याबद्दलसुद्धा त्यात मिनिटं दिलीयत, दिवसा सलग १० मिनिटं आणि रात्री १० ते सकाळी ७ मध्ये ५ मिनिटं. आइस्क्रीमच्या गाडीने गाडी चालत असताना धून वाजवली तर चालते, थांबल्यावर बंद करायची. वाचायला क्षुल्लक वाटेल पण नवराबायकोची झोप, तान्हं बाळ, आजारी माणूस, यांचा दिवस यावरच तर अवलंबून असतो.

एक तांत्रिक गोष्ट हरकतीत घाला. डेसिबल साध्या बेरजेसारखं चालत नाही, १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे ड्राफ्टमध्ये "५ डेसिबलची सूट" वगैरे असेल तर ती छोटी समजू नका. आणि दिवसाची मर्यादा वेगळी, रात्रीची वेगळी, हे आहे का बघा.

आडवाट:

निशाचर यांचं म्हणणं मान्य, पण त्यांच्या गोष्टीत नियम कामी आला कारण त्यात आकडा होता आणि मोजायची जागा होती. अबोली, तुम्हाला जे वाक्य खटकतंय ते बरोबर खटकतंय, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

सॅन फ्रान्सिस्को शहराने १८८० मध्ये एक नियम केला. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची असेल तर शहराच्या सुपरवायझर मंडळाची (म्हणजे तिथल्या नगरसेवकांच्या सभेची) परवानगी हवी, विटांची किंवा दगडी इमारत असेल तर गरज नाही. वाचून कोणालाही वाटेल की आगीची भीती आहे म्हणून केलं असेल, योग्यच आहे. शहरात तेव्हा साधारण ३२० लाँड्र्या होत्या, त्यातल्या ३१० च्या आसपास लाकडीच, आणि सुमारे २४० चिनी लोकांच्या. नियमात चिनी हा शब्द कुठेही नाही. पण परवानगी कोणत्या आधारावर द्यायची किंवा नाकारायची हेही कुठे नाही, सगळं मंडळाच्या मर्जीवर. मग झालं काय, दोनशेच्या वर चिनी अर्जदार होते, सगळ्यांना नकार. बाकीचे ऐंशीएक होते, त्यातला एक सोडून सगळ्यांना परवानगी. आणि ज्या लाँड्रीवाल्याचा खटला पुढे गाजला तो त्याच इमारतीत २२ वर्षं धंदा करत होता, त्याच्याकडे अग्निसुरक्षेच्या अधिकाऱ्यांचं आणि आरोग्य अधिकाऱ्याचं, दोन्ही प्रमाणपत्रं होती. त्याला दंड झाला, तो भरला नाही म्हणून तुरुंगात टाकलं. १८८६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या या खटल्यात (यिक वो खटला) निकाल दिला की नियम कागदावर कितीही समान दिसू दे, राबवताना एकाच समाजाला त्याचा जाच होत असेल तर तो चालणार नाही.

सहा वर्षं मात्र गेली. त्या सहा वर्षांत किती जणांची रोजीरोटी गेली असेल ते निकालात येत नाही.

म्हणून "योग्य वाटल्यास" दिसलं की तीन गोष्टी मागा. परवानगी कुठल्या कारणांनी नाकारता येईल त्या कारणांची यादी नियमातच हवी, नकार लेखी आणि कारणासह हवा, आणि किती दिवसांत उत्तर द्यायचं त्याची मुदत हवी, मुदतीत उत्तर नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण फाइलवर बसून राहणं हीच खरी ताकद असते. ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे तो वाट बघतो किंवा मधला रस्ता काढतो, आजींसारखी माणसं अर्ज टाकून मोकळी होतात आणि तिकडे भिजत घोंगडं पडतं.

कातळ:

दंडाचे पैसे कुठे जाणार ते ड्राफ्टमध्ये आहे का? ते आधी बघा, बाकी सगळं नंतर.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात फर्ग्युसन नावाचं छोटं शहर आहे, त्याच्यावर २०१५ मध्ये केंद्रीय न्याय विभागाचा अहवाल आला होता. शहराच्या बजेटचा मोठा भाग दंडावर उभा होता, अर्थखात्याचा अधिकारी पोलीसप्रमुखाला लिहितोय की चलनं वाढली नाहीत तर पुढच्या वर्षी वसुली वाढणं कठीण आहे. अंगणात गवत वाढलं, दंड. रस्त्यावरून चालण्याची पद्धत चुकली, दंड. एका बाईने २००७ मध्ये एकदा गाडी चुकीची लावली, दोन चलनं मिळाली, १५१ डॉलर आणि वर फी. तिची परिस्थिती नाजूक, भरायला उशीर झाला, तारखा चुकल्या, त्यावर दंडावर दंड चढत गेला. २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि तरी ५४१ बाकी होते, मध्ये दोनदा अटक, सहा दिवस जेल. एका पार्किंगवरून!

हे वाचल्यापासून मी दंडाच्या कलमाकडे साधं कलम म्हणून बघतच नाही. श्रीमंत माणसाला तोच दंड म्हणजे किरकोळ खर्च आणि हातावर पोट असलेल्याला महिनाभराचं गणित कोलमडणं. तिथल्या राज्याने नंतर कायदा करून शहराच्या उत्पन्नात वाहतूक दंडाचा वाटा जास्तीत जास्त किती असावा याची मर्यादा ३० टक्क्यांवरून २० वर आणली. म्हणजे राज्याला मध्ये पडावं लागलं, शहर स्वतःहून सुधारलं नाही.

पहिल्या वेळी दंड नको, लेखी सूचना हवी. हप्ते हवेत. आणि थकलेल्या दंडावर दंड नको. हे तीन लिहूनच द्या.

पिंपळपान:

कातळ आणि आडवाट यांचं वाचून कोणाला वाटेल की नियम म्हणजे वाईटच, म्हणून दुसरी बाजू लिहिते. स्थानिक नियमाची एक ताकद आहे जी देशाच्या कायद्याला नाही, ती म्हणजे साधी माणसं तिथपर्यंत पोचू शकतात. संसदेत जाऊन कोण बोलणार, पण शहराच्या सभेत जाऊन बसता येतं.

कॅनडात माँट्रियलजवळ हडसन नावाचं गाव आहे. तिथली एक त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर बाई वर्षानुवर्षं गावाच्या सभांना जायच्या आणि लॉनवर मारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांबद्दल तेच तेच विचारायच्या. शेवटी १९९१ मध्ये गावाने नियम केला की नुसतं लॉन सुंदर दिसावं म्हणून औषधं मारायची नाहीत. लॉनची कामं घेणाऱ्या कंपन्या कोर्टात गेल्या, एवढ्याशा गावाला हा अधिकार कुठला म्हणून. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००१ मध्ये गाव जिंकलं. पुढे आख्ख्या क्विबेक प्रांताने आणि नंतर ओंटारियोनेही स्वतःचे निर्बंध आणले. सुरुवात कुठून झाली बघा.

सिगारेटचंही तसंच. सॅन लुइस ओबिस्पो या कॅलिफोर्नियातल्या शहराने १९९० मध्ये रेस्टॉरंट, बार सगळीकडे आत धूम्रपान बंद केलं, तेव्हा लोक म्हणायचे धंदे बसतील. कॅलिफोर्निया राज्याने १९९५ मध्ये बहुतेक कामाच्या जागांवर आणि १९९८ मध्ये बारमध्येही तेच केलं. आधी एका शहराने करून बघितलं, आकाश कोसळलं नाही, मग बाकीच्यांना धीर आला. शहरात एखादी गोष्ट फसली तर तेवढ्यापुरती फसते आणि बदलताही येते, देशपातळीवर फसली तर सगळ्यांनाच भोगावं लागतं.

अबोली, म्हणून झाडांच्या नियमाला लगेच नाही म्हणू नका. झाड एकाच्या आवारात असलं तरी सावली गल्लीला असते. फक्त वाळकं, किडलेलं, घरावर झुकलेलं झाड असेल तर ताबडतोब निर्णय हवा, तिथे महिनोन्महिने थांबणं धोक्याचं आहे.

रेषा:

मी आर्किटेक्ट आहे, परवानग्यांच्या कामात आयुष्य चाललंय, त्यामुळे एक गोष्ट जोडते जी रहिवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. जो नियम दंड करतो तो दिसतो, लोक त्यावर भांडतात. पण जो नियम घराच्या किमतीत मुरतो तो कोणालाच दिसत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९१५ मध्ये इक्विटेबल बिल्डिंग झाली, रस्त्याच्या कडेपासून सरळ भिंतीसारखी वर, आजूबाजूच्या इमारतींचा उजेड गेला. १९१६ मध्ये शहराने झोनिंगचे (कुठल्या भागात काय आणि कसं बांधायचं याचे) नियम केले की इमारत जसजशी उंच जाईल तसतशी मागे घ्यायची, म्हणजे खाली रस्त्यावर ऊन-वारा पोचेल. हे रहिवाशांच्या भल्याचंच होतं आणि मी आजही त्याच्या बाजूने आहे. पण तेच हत्यार पुढे असंही वापरलं गेलं की या भागात फक्त एका कुटुंबाचं स्वतंत्र घर, प्लॉट अमुक मोठाच हवा, छोटे फ्लॅट नकोत. आधीपासून राहणाऱ्यांना छान वाटतं, शांतता राहते, घराची किंमत वाढते. पण त्यांचीच मुलं मोठी झाली की त्यांना त्या भागात घर परवडत नाही. सभेत बोलायला जुने रहिवासी येतात, जे अजून राहायला आलेच नाहीत त्यांच्या वतीने कोण बोलणार?

पार्किंगचं बघा. नवीन इमारतीत प्रत्येक घरामागे अमुक गाड्यांची जागा हवीच, असा नियम कित्येक शहरांत असतो. एक गाडी आणि तिला आत-बाहेर करायचा रस्ता धरला तर २५ ते ३० चौरस मीटर जागा जाते, म्हणजे एक चांगली मोठी खोली. तो खर्च ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्या भाड्यातही येतो. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये हा किमान पार्किंगचा नियम शहरभर काढून टाकला. ह्यूस्टनने १९९८ मध्ये शहराच्या मधल्या भागात लहान प्लॉटवर घर बांधायला मोकळीक दिली आणि तिथे एका जुन्या घराच्या जागी तीन-चार उभी घरं आली. नियम काढून टाकण्यानेही रहिवाशांचा फायदा होतो, हे पालिकेच्या सभेत फार कमी वेळा बोललं जातं.

तुमच्या ड्राफ्टमध्ये जुने नियम कुठले रद्द होतायत ते लिहिलंय का? बहुतेक ठिकाणी नुसती भर पडत जाते आणि मग एकाच बाल्कनीसाठी तीन खात्यांचे तीन वेगळे नियम होतात. माझ्या टेबलावर अशा फायली आहेत ज्यात एक खातं म्हणतं कठडा बंद हवा आणि दुसरं म्हणतं उघडा हवा, मालक बिचारा दोन्ही पत्रं घेऊन फिरतोय.

अबोली:

बापरे, एवढं सगळं, मनापासून आभार. रेषाताई, रद्द होणाऱ्या नियमांचं काहीच दिलेलं नाही ड्राफ्टमध्ये, आत्ताच परत चाळला. कातळ, दंड "पालिकेच्या सर्वसाधारण निधीत जमा" असं आहे आणि उशीर झाल्यास दरमहा वाढ आहे. हप्त्यांचं काही नाही.

पण आजींचं काय करू? खोलीच्या नोंदणीला विरोध करायचा तर खालच्या मजल्यावरच्या मंडळींचंही खोटं नाही, त्यांच्या शेजारचा फ्लॅट एकाने घेऊन ठेवलाय, स्वतः राहत नाही, रोज नवीन माणसं, मध्यरात्री बॅगा ओढत येतात, लिफ्टचं दार आपटतात. नियम नसेल तर त्यांनी कुठे जायचं?

आडवाट:

मग हेच दोन प्रकार वेगळे करायला सांगा ना. आजी त्याच घरात राहतात आणि एक खोली देतात. दुसरा माणूस आख्खं घर धंद्यासाठी वापरतोय. न्यूयॉर्कच्या नियमात हाच फरक केलाय, २०२३ च्या सप्टेंबरपासून अंमलबजावणी आहे, ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी जागा द्यायची तर यजमान त्या घरात राहत असला पाहिजे, त्या मुक्कामात हजर पाहिजे आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. तिथे नोंदणी मात्र सगळ्यांनाच आहे आणि लहान माणसांना ती जड जाते अशी तक्रार आहेच. तुम्ही आजींसारख्यांसाठी फी माफ, एक पानी फॉर्म आणि पालिकेच्या माणसाने घरी येऊन भरून घ्यायची सोय, असं मागू शकता. वर्षाला ठरावीक दिवसांपेक्षा कमी भाडं असेल तर फक्त कळवणं पुरे, असंही चालेल.

आणि एक, शहराचा नियम वरच्या कायद्याच्या विरोधात गेला तर टिकत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने २०१९ मध्ये नवीन इमारतींमध्ये गॅसची लाइन बंद केली, हेतू चांगला होता, पण २०२३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हा विषय केंद्राच्या ऊर्जाविषयक कायद्याखाली येतो आणि पुढच्या वर्षी शहराला नियम मागे घ्यावा लागला. मधल्या काळात ज्यांनी त्या नियमाप्रमाणे प्लॅन केले त्यांचा खर्च झालाच. तेव्हा भाड्याबद्दल तुमच्याकडे वर कुठला कायदा आहे तो आधी वाचा, हरकतीत त्याचा उल्लेख असला तर पालिकेला उत्तर द्यावंच लागतं.

निशाचर:

बांधकामाच्या वेळेचं विसरू नका हो ताई. सुट्टीच्या दिवसाचा वेगळा उल्लेख हवा आणि "तातडीचं काम" म्हणजे काय ते लिहिलेलं हवं, नाहीतर रोजचंच काम तातडीचं होतं. न्यूयॉर्कमध्ये साधारण सकाळी ७ ते संध्याकाळी ६, सोमवार ते शुक्रवार, बाकी वेळी काम करायचं तर वेगळी परवानगी लागते. ती परवानगी साइटच्या बाहेर लावलेली दिसली पाहिजे असंही लिहा, म्हणजे सासऱ्यांना त्रास झाला तर फोन करायच्या आधी गेटवर जाऊन बघता येईल.

अबोली:

लिहायला घेतलंय. आवाज आणि बांधकामाच्या वेळेला पूर्ण पाठिंबा, मोजायची जागा आणि तातडीच्या कामाची व्याख्या घालून. "योग्य वाटल्यास" जिथे जिथे आहे तिथे कारणांची यादी, लेखी नकार आणि तीस दिवसांची मुदत. दंडाला आधी सूचना, मग हप्ते, आणि दरमहा वाढ काढून टाका म्हणून. राहत्या घरातली एक खोली वेगळी. पार्किंगच्या परमिटवर आमच्याकडे एकमत नाही, ते प्रत्येकाने आपापलं लिहावं असं ठरतंय. ग्रुपमधले दोन्ही तटांचे लोक सही करायला तयार आहेत, एकच पत्र सगळ्यांच्या सह्यांनी द्यावं की वेगवेगळी?

रेषा:

वेगवेगळी द्या. एकाच पत्रावर पन्नास सह्या असल्या तरी बऱ्याच ठिकाणी ती एक हरकत धरतात. मजकूर सारखा चालेल पण प्रत्येकाने वर स्वतःचे दोन-चार शब्द घालावेत, कोणाला नेमका कसला त्रास आहे ते. कलमाचा नंबर आणि पान नंबर टाका, "हे कलम नको" एवढंच लिहू नका, त्याजागी काय वाक्य हवं ते पूर्ण लिहून द्या, कारण ड्राफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला तयार वाक्य मिळालं तर तो ते उचलायची शक्यता जास्त. पोचपावती शिक्क्यासह घ्या, आणि सुनावणीला प्रत्यक्ष बोलायची इच्छा आहे असं शेवटी स्पष्ट लिहा, ते लिहिलं नाही तर बोलवत नाहीत. आजींची हरकत तुम्ही लिहून द्या पण सही त्यांचीच घ्या, आणि जमलं तर सुनावणीला त्यांना सोबत घेऊन जा.